ब्रिटनच्या खेड्यापाड्यांतल्या गूढ जागा: चकवा, राखण आणि चौकटीवरच्या खुणा

देवराई

नमस्कार मंडळी,

बॅनबरीजवळच्या एका खेड्यात राहून मला आता नऊ वर्षं होतील. माहेर मालवणजवळचं. तिन्हीसांजेनंतर काही नावं घ्यायची नाहीत, पाणंदीतून जाताना मागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, राखणदाराला सांगितल्याशिवाय शेतात काही नवं करायचं नाही, हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. इथे आले तेव्हा हिरवी कुरणं, मेंढ्या, चर्चचा मनोरा बघून वाटलं, या मातीत भिण्यासारखं काही उरलेलंच नाही. सात-आठ वर्षं मी तसंच समजत होते.

मग गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी त्यांचं जुनं धान्याचं कोठार दाखवायला नेलं. आमच्या भागातला दगड गुळाच्या ढेपेच्या रंगाचा आहे. दाराच्या चौकटीचा दगड शेकडो वर्षं खांदे घासून गुळगुळीत झालेला. मला त्यावर काहीच दिसत नव्हतं. आजींनी विजेरी दगडाला अगदी चिकटवून आडवी धरली आणि त्या तिरक्या उजेडात एकाएकी एक फूल उमटलं. सहा पाकळ्यांचं, कर्कटकाने काढलेलं, भोवती एक वर्तुळ. तळहातात मावेल एवढं. विजेरी सरळ केली की गेलं, आडवी केली की परत आलं. मी चार-पाच वेळा बघितलं.

त्यांना विचारलं, हे कशासाठी? म्हणाल्या, "आत येऊ नये त्याच्यासाठी." कोण, ते सांगितलं नाही. पुढे कळलं की अशा खुणा इंग्लंडभर जुन्या घरांत, कोठारांत आणि चर्चमध्येसुद्धा आहेत. रेघेला कुठे टोक नाही, म्हणून वाईट शक्ती तिच्यामागे फिरत राहते आणि उंबरठा ओलांडत नाही, असं लोक सांगतात. जिथून वारा आत येतो तिथेच त्या जास्त सापडतात: दार, खिडकी, धुराडं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी हेच शोधत असते. आमच्या जवळचं ठिकाण म्हणजे रोलराइट. ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशरच्या हद्दीवर, साध्या डांबरी रस्त्याच्या कडेला. सत्याहत्तरच्या आसपास दगडांचं एक मोठं वर्तुळ आहे, ते 'राजाचे शिपाई'. रस्त्याच्या पलीकडे लोखंडी कठड्यात एकटा उभा असलेला वाकडा दगड, तो 'राजा'. आणि पाचेक मिनिटं चाललं की शेताच्या कडेला डोकी एकमेकांकडे झुकवून उभा असलेला दगडांचा घोळका, ते 'कुजबुजणारे सरदार'.

गोष्ट अशी. इंग्लंड जिंकायला निघालेल्या राजाला इथे एक चेटकीण भेटली. म्हणाली, सात ढांगा टाक. सातव्या ढांगेला लाँग कॉम्प्टन गाव दिसलं तर तू इंग्लंडचा राजा. गाव उताराखालीच आहे, त्यामुळे राजाला खात्री होती. पण सातव्या ढांगेला समोरची जमीनच वर आली. गाव दिसलं नाही, राजा जागच्या जागी दगड झाला, शिपाई दगड झाले, मागे राहून कट करणारे सरदारही दगड झाले. आणि चेटकीण स्वतः एल्डरचं झाड होऊन कुंपणात उभी राहिली. पुढे क्रीटमधल्या नोसोसच्या उत्खननामुळे नाव झालेले आर्थर इव्हान्स यांनी १८९५ साली रोलराइटच्या लोककथा गोळा करून छापल्या. तेव्हा लोक त्यांना सांगत होते की मध्य-उन्हाळ्याच्या आदल्या रात्री गावकरी राजाभोवती जमत, फुललेलं एल्डर कापत, त्यातून रक्त येई आणि राजा मान हलवी.

पुराणवस्तूवाले सांगतात की सरदार सगळ्यांत जुने, सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचे. वर्तुळ साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. राजा त्याच्याही नंतरचा. गोष्टीत मात्र तिघे एकाच दिवशी थिजले.

हे दगड मोजता येत नाहीत असंही म्हणतात. एका बेकरीवाल्याने प्रत्येक दगडावर एकेक पाव ठेवून मोजायचं ठरवलं, तर दर वेळी एक पाव कमीच. मी पहिल्यांदा ७३ मोजले, दुसऱ्यांदा ७६. माझ्या मुलाने ७१. दगड चुनखडीचा, ठिकठिकाणी भोकं पडलेला, वर पिवळं-करडं दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ना, तसंच दिसणारं. एका भोकात काळं पडलेलं नाणं होतं आणि त्याला मेणाचा थेंब चिकटलेला. कुणीतरी रात्री येऊन ठेवलेलं. ते बघितलं आणि मान आपोआप खाली झाली.

तुम्ही ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत असं काही बघितलं, ऐकलं असेल तर इथे लिहा. तिकीट काढून भुतं दाखवणाऱ्या सहली नकोत. बांधावरचं, चौरस्त्यावरचं, चौकटीवरचं हवं.

पाणंद

देवराई ताई, धागा काढलात फार बरं केलंत. मी प्लिमथला असतो, डार्टमूरचा उजाड डोंगरमाळ घरामागेच म्हणायचं.

तुम्ही चकवा शब्द शीर्षकात घातलात म्हणून आधी तेच सांगतो. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये अगदी आपल्या चकव्यासारखीच समजूत आहे. इथे चकवा लावणाऱ्या त्या पिक्सी, म्हणजे लहानखुऱ्या, खोडकर पऱ्या. माणूस आपल्या पायाखालच्या शेतात शिरतो आणि फाटक सापडत नाही. कुंपणाला हात लावून चालत राहतो आणि पुन्हा तिथेच येतो. यावरचा उपाय इथे पिढ्यान्‌पिढ्या एकच: अंगातला कोट काढून उलटा घालायचा. माझी आजी सांगायची, चकवा लागला की आहेस तिथे बस, कोंबडा आरवेपर्यंत उठू नको. दोन्हींत पहिलं काम थांबण्याचंच.

मला लागला आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, टू ब्रिजेसच्या उत्तरेला. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट धूसर दिसत होते. फोनवरचा नकाशा होता, पण त्यातला ठिपका एका जागी गोठलेला. एकाच मेलेल्या मेंढीपाशी मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा जॅकेट काढलं आणि उलटं घातलं. हात थरथरत होते त्यामुळे चेन लागेना. खाली बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी वाऱ्याने धुकं फाटलं आणि खाली नदी दिसली. जॅकेटमुळे की बसल्यामुळे, ते मला ठरवायचं नाही. पण आता डोंगरावर जाताना पहिल्यांदा ते आठवतं.

तिथून जवळच विस्टमन्स वूड आहे. खुजे, वेडेवाकडे ओक. मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून वर आलेले, आणि सगळ्यावर शेवाळाची गोधडी. यमदूतासारखे काळे शिकारी कुत्रे तिथून रात्री सुटतात, असं म्हणतात. त्याच माळावरून एक मढ्याची वाट जाते. डार्टमूरवरच्या जुन्या वाड्यांतल्या लोकांना आपली प्रेतं खांद्यावरून थेट लिडफर्डच्या चर्चपर्यंत न्यावी लागत. पार डोंगर ओलांडून, नद्या उतरून. १२६० साली बिशपने काही वाड्यांना जवळच्या विडिकोमला पुरायची मुभा दिली. कुत्र्यांच्या गोष्टी या वाटेच्या आसपास का आहेत, ते त्या वाटेने एकदा चाललं की कळतं. (विस्टमन्स वूडला गेलात तर कृपा करून बाहेरूनच बघा. पाय पडून शेवाळ मरतं, म्हणून आत जाऊ नका असं तिथलं सांगणं आहे.)

आणि जेची कबर. हाउंड टॉरजवळ, रस्ता आणि पायवाट मिळतात तिथे. किटी जे नावाची अनाथ पोर, शेतावर कामाला, फसवली गेली आणि तिने जीव दिला अशी आख्यायिका आहे. आत्महत्या केलेल्याला तेव्हा चर्चच्या आवारात जागा नसे. चौरस्त्यात पुरत, म्हणजे आत्म्याला परतीची वाट कळू नये. १८२३च्या कायद्याने ही प्रथा बंद केली. १८६०च्या सुमारास तो उंचवटा खणला तेव्हा खरंच एका तरुण बाईची हाडं निघाली. ती पेटीत ठेवून तिथेच पुन्हा पुरली. त्या कबरीवर कायम ताजी फुलं असतात. कोण ठेवतं कुणी बघितलेलं नाही, असं सांगतात. मी गेलो त्या दिवशी पिवळी प्रिमरोझ होती, शिंपले, नाणी, आणि एक प्लास्टिकचं छोटं घोडं. ते घोडं बघून मात्र मला भरून आलं.

मीठमोहरी

वाचतेय. नॉर्दॅम्प्टनहून एक भर.

आमच्या गावच्या संग्रहालयात जुन्या घरांत लपवलेल्या जोड्यांची नोंद ठेवतात. १९५०च्या दशकात सुरू झालेली ही यादी आता दोन हजारांच्या आसपास गेली आहे. घर दुरुस्त करताना धुराड्याच्या कट्ट्यावर, भिंतीच्या पोकळीत, फरशीखाली जुना जोडा सापडतो. बहुधा एकच, जोडी नाही. बहुधा झिजलेला. आणि बरेचसे लहान मुलांचे. नवा जोडा कुणी ठेवत नसे, कारण जो पायात राहून राहून माणसाचा झाला आहे तोच राखण करतो.

मी तिथे काचेत एक बघितला. अंगठ्याच्या जागी चामडं वर आलेलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका पोराचा अंगठा. आपल्याकडे ट्रकला मागे चप्पल बांधतात ती आठवली. बांधकामावर टांगलेली काळी बाहुलीपण.

कर्कटक

विषय माझ्या आवडीचा, म्हणून थोडं सावधपणाचं लिहितो. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे.

चौकटीवरचं प्रत्येक सहा पाकळ्यांचं फूल राखणीचंच असतं असं नाही. सुतार आणि गवंडी कर्कटकाने हेच फूल काढून हात बसवत, कोन मोजत. नुसत्या वर्तुळावर तर मी फारच जपून बोलेन. जागा बघावी लागते. न दिसणाऱ्या ठिकाणी, उंबरठ्याशी किंवा शेकोटीच्या तुळईवर पुन्हा पुन्हा कोरलं असेल तर कारागिराचा सराव हे उत्तर पुरत नाही.

उलट उदाहरणही देतो. तुळयांवर थेंबाच्या आकाराचे जळके डाग दिसतात. कितीतरी वर्षं सगळे म्हणत, मेणबत्ती कलंडली असेल. मग काही जणांनी प्रत्यक्ष करून बघितलं. मेणबत्ती कलंडून तसा डाग पडतच नाही. ज्योत तिरकी, स्थिर, बराच वेळ धरली तरच पडतो. म्हणजे कुणीतरी हात अवघडेपर्यंत तिथे उभं राहिलेलं असतं. आगीला आधीच थोडा घास देऊन ठेवावा, म्हणजे ती घर खाणार नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. मला तो पटतो.

केंटमधल्या नोल या प्रचंड वाड्यात, पहिल्या जेम्स राजासाठी सजवलेल्या दालनाच्या फरशीखालच्या तुळयांवर अशा खुणा २०१४ साली उजेडात आल्या. लाकूड १६०६च्या सुमाराचं. म्हणजे राजाला पार्लमेंटसकट उडवायचा दारूगोळ्याचा कट उघडकीला आल्यानंतरचे महिने. राजा स्वतः चेटकावर ग्रंथ लिहिलेला. त्याच्या शेकोटीभोवती सुतारांनी जाळीच्या रेघा आणि जळके डाग उमटवून ठेवले आणि वर फळ्या ठोकल्या. त्या माणसांची भीती खरी होती, यात शंका घ्यायला जागा नाही.

देवराई

कर्कटक, मनापासून आभार. कोठारातलं फूल दाराच्या आतल्या अंगाला आहे, कमरेच्या उंचीवर, आणि त्याच्या खाली तसलीच दोन अर्धवट. सराव की राखण, आता पुन्हा जाऊन नीट बघते.

नॉटिंगहॅमशर-डर्बीशरच्या सीमेवर क्रेसवेल क्रॅग्जच्या गुहेतही २०१९मध्ये अशा शेकडो खुणा असल्याचं जाहीर झालं. मेरीमातेची म्हणून मानतात ती एकमेकांत अडकलेली दोन व्ही अक्षरं, चौकटी, चक्रव्यूहासारख्या रेघा. त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, पण लोकांनी खरडलेली नावं म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. गुहेच्या अंधाऱ्या तोंडाशी जाऊन, आतून जे येईल ते अडवायला कोरणाऱ्या माणसाचा विचार मनातून जात नाही.

खाजण

सफोकचा काळा कुत्रा राहिला, तो मी सांगते. नवऱ्याची नोकरी नॉर्विचला, त्यामुळे तो किनारा पायाखालचा झालाय.

४ ऑगस्ट १५७७, रविवार, बंगी गावात प्रार्थना चालू होती. भयंकर वादळ. कडाडून वीज पडली आणि चर्चमध्ये काळा कुत्रा धावत शिरला. गुडघे टेकलेल्या दोघांच्या मधून गेला आणि दोघे जागीच मेले. त्याच दिवशी काही मैलांवर ब्लिदबरोच्या चर्चमध्ये तो शिरला. तिथेही माणसं मेली. हे सगळं एब्रहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तिकेत छापलं. वादळ खरं, मृत्यूही खरे. कुत्रा त्या पुस्तिकेतून पुढे आला. आज बंगीच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या खांबावर विजेवर स्वार झालेला तोच कुत्रा आहे. नाव ब्लॅक शक. शक म्हणजे जुन्या इंग्रजीतला सैतान, असं शब्दाचं मूळ सांगतात.

ब्लिदबरोला आम्ही नोव्हेंबरात गेलो. नदीचं मुख, भरती-ओहोटीचं खाजण, आणि त्या सपाटीवर एकटं उभं अवाढव्य चर्च. आत तुळयांवर लाकडी देवदूत पंख पसरून. उत्तरेच्या दारावर जळके, लांबट ओरखडे आहेत. सैतानाची बोटं म्हणतात त्यांना. मी बोट लावलं. खळगा खोल आहे, कडा गुळगुळीत. इतक्या लोकांनी बोट लावलंय. वर कर्कटक यांनी जळक्या डागांबद्दल लिहिलंय ते वाचून आत्ता लक्षात आलं की ही बोटंही तशीच, कुणी मुद्दाम ज्योत धरून उमटवलेली असू शकतात. म्हणजे सैतानाला अडवायला केलेली खूण पुढे सैतानाचीच म्हणून ओळखली गेली.

बाहेर आलो तर चार वाजताच अंधारलं होतं. खाजणाच्या वाटेवर लांब कुठेतरी कुत्रा भुंकला. मुलगी माझा हात धरून गाडीपर्यंत काही बोलली नाही. मीही नाही.

कर्कटक

खाजण, अगदी तसंच माझंही मत आहे. त्या डागांचा आकार विजेचा नाही.

सातपुडा

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. पण मला एक गोष्ट बोलायलाच हवी.

मी बर्न्लीला नर्स आहे. खिडकीतून पेंडल टेकडी दिसते. इथे दुकानात, पाट्यांवर, सगळीकडे टोकदार टोपीची, झाडूवर बसलेली चेटकीण आहे. खरी हकिगत अशी. १८ मार्च १६१२. कोल्नजवळच्या रस्त्यावर ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब पोरीने जॉन लॉ नावाच्या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत. थोडं पुढे जाऊन तो कोसळला, एक अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. मी रोज वॉर्डात बघते तो पक्षाघात. ॲलिझनला स्वतःलाच वाटलं की हे आपण केलं. तिने त्याची माफी मागितली. तिथून सगळं सुरू झालं. तिची आंधळी म्हातारी आजी तुरुंगातच मेली. तिची धाकटी बहीण जेनेट, वय सुमारे नऊ, तिला न्यायालयात टेबलावर उभं केलं आणि तिने स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष दिली. २० ऑगस्ट १६१२ला लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिली.

बावीस वर्षांनी, १६३४ला, दहा वर्षांच्या एका पोराच्या सांगण्यावरून पुन्हा बायका पकडल्या. त्यांत जेनेट डिव्हाइस याच नावाची एक बाई होती. पोराने पुढे कबूल केलं की आपण खोटं बोललो.

मी मूळची नंदुरबार जिल्ह्यातली. आमच्या पाड्यावर एका विधवेला डाकीण ठरवलं होतं, मी तेव्हा सहावीत. तिच्या गाईने नाही, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या गाईने दूध द्यायचं थांबवलं, एवढंच निमित्त. ती रात्रीत गाव सोडून गेली. तिच्या चुलीवरचं भगुलं तसंच होतं, मी आत जाऊन बघितलेलं आहे. आणि २० ऑगस्ट ही तारीख महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. २०१३ साली त्याच तारखेला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात झाला. पेंडलला पहिल्यांदा ती तारीख वाचली तेव्हा मी खुर्चीवर बसून राहिले.

म्हणून, खुणा शोधा, जरूर शोधा. फक्त चेटकीण हा शब्द लिहिताना ती दहा माणसं समोर ठेवा.

देवराई

सातपुडा ताई, तुमचा प्रतिसाद कालपासून तीनदा वाचला. मी रोलराइटची गोष्ट लिहिताना 'चेटकीण' सहज लिहून गेले. चौकटीवरचं फूल बघून मला जे गोड वाटलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं. ते फूल कुणाला तरी बाहेर ठेवायला काढलेलं आहे, आणि बाहेर कोण होतं? बहुतेक टाचण्या मागणारी एखादी पोर. आता त्या दारातून जाताना हे आठवल्याशिवाय राहणार नाही. लिहिलंत, फार बरं केलंत.

मीठमोहरी

सातपुडा, +१. टाचण्यांवरून आठवलं. ग्रिनिचला २००४मध्ये सतराव्या शतकातली एक 'चेटकीण-बाटली' सापडली. दाढीवाल्या चेहऱ्याचा मातीचा बुधला, आणि आत बारा लोखंडी खिळे, आठ पितळी टाचण्या, केस, कापलेली नखं, हृदयाच्या आकाराचं टोचलेलं चामडं, आणि मूत्र. बूच इतकं घट्ट की मूत्र तसंच राहिलं होतं. तपासात त्यात तंबाखूचा अंशही मिळाला. आजारी माणसाने स्वतःचं दुखणं बाटलीत भरून, ज्याने केलं त्याच्यावर उलटवायचा हा उपाय. डॉक्टर परवडत नसलेल्या माणसाच्या हातात एवढंच होतं. आणि त्याच टाचण्यांनी ॲलिझनचा जीव घेतला.

वाटाड्या

अशा जागा शोधायच्या कशा असं दोघांनी खाजगी निरोपातून विचारलं, म्हणून इथेच लिहितो.

ऑर्डनन्स सर्व्हेचा पायी फिरणाऱ्यांसाठीचा कागदी नकाशा घ्या. त्यात पुरातन जागा जुन्या वळणाच्या काळ्या, टोकदार अक्षरांत छापलेल्या असतात. नुसती ती अक्षरं शोधत बोट फिरवा. मग नावं वाचा. सैतानाची पंचवाटी म्हणावी इतकी सैतानाची नावं सापडतील: त्याचे बाण, त्याचा खड्डा, त्याचा बांध. ग्रिम हे नाव दिसलं की थांबा. ते ओडिन देवाचं जुनं टोपणनाव, आणि कुणी बांधला ते विसरलेल्या लांबलचक मातीच्या बांधांना लोकांनी ते दिलं. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. त्या कुणाच्या शेतातून गेल्या तरी तुम्हाला चालायचा हक्क आहे. फक्त फाटक लावून घ्या.

ऑक्सफर्डशरमध्येच अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. सुमारे तीन हजार वर्षांचा, ११० मीटर लांब, टेकडीवर चर खणून त्यात खडू भरलेला. दर काही वर्षांनी तण काढून खडू कुटला नाही तर गवत तो गिळून टाकेल. म्हणजे तीन हजार वर्षं, राज्यं आणि धर्म बदलले तरी, कुणी ना कुणी येऊन तो घासतच आलं. मी दोन वर्षांपूर्वी त्या कामाला गेलो होतो. गुडघे टेकून हातोड्याने खडू कुटायचा. जवळून काहीच कळत नाही, घोड्याच्या पायाचा भाग आहे की पाठीचा. संध्याकाळी केसांत, नखांत पांढरं.

तिथून मैल-दीड मैल चाललं की वेलँडची भट्टी. खरं तर साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं. सॅक्सन लोक आले तेव्हा ते कुणाचं हे विसरलं गेलं होतं, म्हणून त्यांनी ते आपल्या लोहार-देवाचं ठरवलं. इसवी सन ९५५च्या एका दस्तऐवजात ते नाव आहे. घोड्याचा नाल पडला तर घोडा आणि एक नाणं तिथे ठेवून लांब जायचं, परत यावं तर नाल ठोकलेला. बीचच्या झाडांच्या गोलात आहे ती जागा. वारा नसताना गेलो होतो तरी आवाज होता. पानांचा नव्हे.

पाणंद

वाटाड्या, शेवटच्या ओळीने अंगावर काटा आला. कसला आवाज?

वाटाड्या

बारीक, लांबून कुणी धातूवर ठोकावं तसा. जवळ शेत आहे, कुंपणाची तार असेल. पुन्हा गेलो तेव्हा नव्हता. खिशातलं नाणं मी दोन्ही वेळा ठेवून आलो.

कंदील

इन्व्हर्नेसहून लिहितेय. इतके दिवस नुसती वाचत होते.

ब्लॅक आइलवर मनलोखीजवळ एक झरा आहे, क्लूटी वेल. क्लूट म्हणजे स्कॉट्स भाषेत चिंधी. झऱ्याभोवती तीन प्रदक्षिणा घालायच्या, सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारख्याच. चिंधी पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागेला लावायची आणि झाडाला बांधायची. जसजशी चिंधी कुजेल तसतसं दुखणं जाईल. दुसऱ्याची चिंधी काढायची नाही, नाहीतर त्याचं दुखणं आपल्याला लागतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मला तिथे उभं राहवेना. पाचशे पावलं जंगल आणि प्रत्येक झाडाला कापड. बाळाचे मोजे, शाळेचे टाय, अंतर्वस्त्रं, एका फांदीवर रुग्णालयातला हातपट्टा. खूपसं पॉलिस्टर. ते कुजतच नाही. वर्षानुवर्षं ओलं होऊन लोंबत राहतं. तिथल्या एका बाईंनी मला सांगितलं, बांधायचं असेल तर सुती किंवा लोकरीचं बांध, नाहीतर आजार तसाच राहील.

मागच्या जूनमध्ये मी पुन्हा गेले. माझ्या आईला पुण्यात केमो सुरू होती आणि मला रजा मिळत नव्हती. तिचं एक जुनं सुती लुगडं माझ्याकडे आहे, मी पहिल्यांदा परदेशी आले तेव्हा तिने गोधडी शिवायला म्हणून दिलेलं. त्याचा काठ सोडून मधली वीतभर पट्टी फाडली. फाडताना त्यातून जुन्या कपाटाचा वास आला. झऱ्याचं पाणी जूनमध्येही बर्फासारखं. तीन फेऱ्या घातल्या. काय म्हणावं कळेना म्हणून रामरक्षा म्हटली, दुसऱ्या फेरीत एक ओळ विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. रोवनच्या एका खालच्या फांदीला गाठ मारली.

सातपुडा ताई, तुम्ही म्हणता ते सगळं मान्य आहे. मी फार्मसीत काम करते, औषध काय करतं ते मला माहीत आहे. तरी गेले.

सप्टेंबरात पट्टीचा रंग गेला होता. डिसेंबरात कडा सुटून दोरे लोंबत होते. या मार्चमध्ये गेले तेव्हा कापड राहिलेलंच नव्हतं. फक्त गाठ होती, काळपट, आणि तिच्यात फांदीचं साल थोडं रुतलेलं.

सातपुडा

कंदील, आई कशी आहे आता?

कंदील

केमो संपली. एप्रिलमधला तपास स्वच्छ आला. पुढच्या महिन्यात ती इथे येणार आहे. झरा बघायचा म्हणते, आणि येताना शेजारच्या काकूंसाठी एक पट्टी घेऊन येते आहे. सुतीच.